एकेचाळीस शिपायांचा भत्ता

वृंदा गेल्याचे मला मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी कळले. मी तोक्योच्या ऑफिसात होतो. फोन अक्षयाचा होता. कामाच्या वेळात ती कधी फोन करत नाही, मेसेज करते.

"बाबा, तुम्ही बसलाय का?"

"मीटिंगला निघालोय. का?"

"बसा आधी."

मी बसलो. तिने जे सांगितले ते मला समजले नाही, म्हणून मी पुन्हा विचारले. तिला ते दोनदा सांगावे लागले, याचे मला अजून वाईट वाटते.

वृंदा ग्रंथालयात वाचत बसली होती. तिने टेबलावर डोके टेकले. शेजारच्या बाईंना वाटले, डोळा लागला असेल. इथे लोक ट्रेनमध्ये, ग्रंथालयात, कुठेही बसल्या बसल्या झोपतात आणि कुणी कुणाला उठवत नाही. पाऊण तास तिलाही कुणी उठवले नाही. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. डॉक्टर म्हणाले, लगेच आणले असते तरी फारसा उपयोग झाला नसता. ते खरे असेल, किंवा त्यांनी आमच्याकडे बघून म्हटले असेल. वृंदाच्या फोनमध्ये पहिला नंबर अक्षयाचा होता, म्हणून इस्पितळाने कावासाकीला तिच्या ऑफिसात कळवले. तेवीस वर्षांच्या मुलीला ते परक्या भाषेत आधी ऐकावे लागले. परकी मला. तिला नाही.

दोन दिवसांनी ग्रंथालयातल्या बाई घरी आल्या. त्यांनी दारातच वाकून सांगितले, की देवस्थळी-सान वाचत होत्या तो खंड महिनाअखेरपर्यंत त्यांच्या नावाने बाजूला ठेवला आहे. मी आभार मानले. मुंबई इलाख्याच्या १८९७ सालच्या अंदाजपत्रकाचा तो खंड होता.

नागोयाहून वृंदाची धाकटी बहीण उत्तरा मंगळवारी रात्रीच आली होती. पुण्याहून तिचा थोरला भाऊ रणजित तिसऱ्या दिवशी आला. व्हिसा मिळाला हेच आश्चर्य. अग्नी दिला तेव्हा आम्ही चौघेच होतो. इथल्या रीतीप्रमाणे अस्थी लांब काड्यांनी उचलून भांड्यात ठेवायच्या असतात. रणजितदादांना काड्या धरता येईनात, म्हणून अक्षयाने त्यांच्या हाताखाली आपला हात धरला.

मला सांगायचे आहे ते बाराव्या दिवशी घडले. दादांचे विमान दुसऱ्या दिवशी होते आणि वृंदाच्या पुस्तकाचे हस्तलिखित ते बरोबर नेणार होते. पुण्यातल्या प्रकाशकाशी त्यांनीच बोलून ठेवले होते.

पुस्तक सरकारी पगारांवर होते. इंग्रजांच्या वेळी मुंबई सरकारकडे पैसा कुठून यायचा आणि कुणाच्या पगारात जायचा, एवढाच विषय. याला कारण दोन हजार अकरा सालचा भूकंप. आम्ही राहतो त्या उरायासुची जमीन भरावाची. भूकंपात ती पातळ होऊन वर आली, रस्त्यावर चिखल झाला, नळ बंद पडले. मी वृंदाला आणि अक्षयाला पुण्याला पाठवले. माझ्या बँकेने थांबायला सांगितले म्हणून मी राहिलो. वृंदा दादांकडे दोन महिने होती. रिकामी बसवेना, म्हणून पणजोबांचे नाव कुठे सापडते का बघायला ती दफ्तरखान्यात गेली. परत आली ती कागदांचे चारशे फोटो घेऊन.

त्या वर्षी येन फार महाग झाला होता. मुंबईहून इथे नेमलेल्या आम्हा लोकांना बँकेने त्याबद्दल भत्ता दिला. वृंदा कागद वाचता वाचता हसायला लागली.

"अहो, हे तुमचंच आहे! रुपया घसरला, गोऱ्या अधिकाऱ्यांना विलायतेला पैसे पाठवताना कमी पडायला लागलं, तर अठराशे त्र्याण्णवपासून तिजोरीतून भत्ता. कलेक्टरला महिना तेवीसशे पंचवीस रुपये पगार, आणि वर हे."

"नियमानं दिलं ना?"

"नियम कुणी केला? बरं, तुमच्या मुंबईच्या शाखेतल्या शिपायाला काय मिळालं यंदा?"

"दिवाळीला मिठाईचा पुडा."

"बघा, साहेब."

तेव्हापासून रागावली की ती मला साहेब म्हणायची. लाडात आली तरी साहेबच म्हणायची.

तिला बेरीज जमत नसे. तीन आकड्यांची बेरीज तीनदा केली तर तीन उत्तरे यायची. रविवारी सकाळी चहा झाला की ती तक्ते माझ्यापुढे ठेवायची आणि मी ते पेन्सिलने तपासायचो. पुस्तकाची तीन प्रकरणे मी अशी तपासली. चौथे तिने दिले नाही. "हे माझ्या माहेरचं आहे. पुरं झालं की देईन," म्हणाली होती.

आणि बाराव्या दिवसापर्यंत सगळा वाद त्या चौथ्या प्रकरणातल्या चार पानांवर आला होता.

पाळंद्यांच्या घरात, म्हणजे वृंदाच्या माहेरी, एक रीत आहे. पहिल्या पगाराचा दहावा हिस्सा आपल्या कचेरीतल्या सर्वांत कमी पगाराच्या माणसांना द्यायचा. ही भिकाजीपंतांपासून चालत आली. भिकाजीपंत म्हणजे वृंदाचे पणजोबा, घाटावरच्या एका जिल्ह्यात कलेक्टर कचेरीत अव्वल कारकून. जिल्ह्याचे नाव मी घालत नाही, दादांना ते नको आहे. अठराशे शहाण्णवच्या दुष्काळात त्यांनी स्वतःचा भत्ता नाकारला आणि तो शिपायांना द्या असे साहेबाला लेखी कळवले, अशी घरातली गोष्ट. दादांनी दहावा हिस्सा दिला, उत्तराने दिला. अक्षयाने गेल्या वर्षी कावासाकीला तिच्या मजल्यावर सफाई करणाऱ्या बाईंना पाकीट दिले. बाई घाबरून सुपरवायझरकडे गेल्या, सुपरवायझर मोठ्या ऑफिसात गेला, आणि अक्षयाला आपल्या खापरपणजोबांविषयी जपानीत एक पानभर खुलासा लिहून द्यावा लागला. पाकीट परत आले, सोबत त्या बाईंकडून बीनच्या सारणाच्या मिठाईचा डबा. वृंदा हसून हसून खाली बसली होती.

चौथ्या प्रकरणात वृंदाने लिहिले होते, की भिकाजीपंतांचा पगार साठ रुपये होता. महागाईत मिळणारा धान्यभत्ता अगदी कमी पगाराच्या माणसांना असे. म्हणजे नाकारायला त्यांना भत्ता मुळात नव्हताच. पुढे तिने एक टिपण दिले होते, भिकाजीपंतांच्या हातचे, मार्च १८९७ चे. रुपयाला दहा शेरांपेक्षा कमी जोंधळा मिळत असेल तर भत्ता द्यायचा, असे त्या जिल्ह्याला ठरवून दिलेले. भिकाजीपंतांनी लिहिले, अमुक तालुक्यात रुपयाला साडेअकरा शेर मिळतो, सबब तिथल्या एकेचाळीस शिपायांना भत्ता लागू नाही. भत्ता बंद झाला. त्याच तिमाहीत कलेक्टरचा विलायती भत्ता पुरा दिला गेला. त्याखाली वृंदाचे वाक्य होते: "वरच्यांना शिल्लक दाखवायची होती. भिकाजीपंतांनी ती जाणूनबुजून शिपायांच्या धान्यातून काढून दिली."

दादांनी हे विमानातच वाचले होते. अक्षयाने फाईल मेलने पाठवली होती. शोकाच्या घरी आल्यावर बोलायचे नाही असे त्यांनी ठरवले होते, पण अकराव्या दिवशी जेवताना ते बोललेच.

"हरीशराव, ती चार पानं नकोत."

"दादा, तिनं लिहिलंय."

"माझ्या बहिणीनं आमच्या पणजोबांना खाटीक केलंय. एकेचाळीस घरांच्या तोंडचा घास काढला म्हणते. मे महिन्यात सगळे पाळंदे पुण्यात जमणार आहेत, तिथे मी हे पुस्तक वाटू?"

"आई खोटं लिहायची नाही, मामा," अक्षया म्हणाली.

"खोटं म्हटलं का मी? काढा म्हटलं."

"ते तर अजून वाईट."

उत्तरा पोळ्या वाढत होती. ती म्हणाली, "भावोजी, मला विचाराल तर दादाचं ऐका. ताई गेली. आता तिच्या नावानं घरात भांडणं नकोत. पानं राहू देत इथेच, तुमच्याजवळ."

म्हणजे भावंडे एका बाजूला झाली आणि अक्षया एकटी पडली. सगळे माझ्याकडे बघत होते. मी चार पाने वाचली होती, पण तक्ता तपासला नव्हता. तिने दिला नव्हता म्हणून. मी म्हटले, "सकाळी बघू."

अक्षया ताट तसेच ठेवून उठली.

बाराव्या दिवशी शनिवार होता. इथे प्रत्येक कचऱ्याला वार असतो. आमच्याकडे शनिवार कागदाचा. वर्तमानपत्रे, खोकी, रद्दी सुतळीने बांधून सकाळी आठच्या आत खाली नेऊन ठेवायची. उत्तरा नागोयात चौदा वर्षे राहते आहे, तिला हे अंगवळणी पडले आहे. पुढचे तिनेच मला सांगितले. ती पाचला उठली. झोप येत नव्हती. वृंदाच्या टेबलाखाली कागदांचा ढीग पडला होता, खाडाखोड केलेला, डाग पडलेला, अर्ध्यावर फाटलेला. तिला वाटले, बाकी काही आपल्या हातात नाही, निदान ताईचे टेबल आवरावे. हस्तलिखित टेबलावर होते, त्याला तिने हात लावला नाही. खालच्या ढिगाचे तिने तीन गठ्ठे बांधले. सुतळीची गाठ मारताना ती रडली आणि मग गठ्ठे खाली ठेवून आली.

साडेसातला अक्षया उठली आणि टेबलाखाली बघितले.

"मावशी, इथले कागद?"

"रद्दी होती ना ग? आज वार होता म्हणून..."

अक्षया स्वेटरसुद्धा न घालता धावली. इथून तिने सांगितलेले. लिफ्ट वर होती म्हणून ती जिन्याने उतरली, पायांत बाथरूमच्या सपाता. खाली निळ्या जाळीखाली गठ्ठे होते आणि शेजारी ओनो-सान उभे होते. ते आमच्या मजल्यावरचे, ऐंशीच्या घरातले. या महिन्याची देखरेखीची पाळी त्यांची होती. ठेवलेला कागद पुन्हा उचलायचा नाही असा नियम आहे, लोक रद्दी चोरून विकतात म्हणून. अक्षयाला हे माहीत होते. शाळेत असल्यापासून माहीत होते. ती जाळीशी उभी राहिली आणि तिला एकही जपानी शब्द आठवेना. शेवटी मराठीत म्हणाली, "आईचे आहेत."

ओनो-सान जाळीपाशी वाकले. त्यांनी जाळी बाजूला केली, मोजून तीन गठ्ठे बाहेर काढले, दोन तिच्या हातात दिले आणि तिसरा स्वतः घेऊन लिफ्टपर्यंत आले. मग आमच्या दारापर्यंत आले. दारात त्यांनी गठ्ठा खाली न ठेवता माझ्या हातात दिला. मला तेव्हा पहिल्यांदा रडू आले. बारा दिवसांत आले नव्हते.

उत्तरा पुन्हा पुन्हा म्हणत होती, "माझं डोकंच चाललं नाही, भावोजी. चांगल्या मनानं गेले हो."

"असू दे. आले ना परत."

"ताई असती तर मला फाडून खाल्लं असतं."

"आधी चहा दिला असता, मग खाल्लं असतं," दादा म्हणाले. आम्ही सगळे हसलो. हसल्यावर कुणालाच कुठे बघावे ते कळेना.

दोन गठ्ठ्यांच्या सुतळ्या सोडून आम्ही कागद जेवणाच्या टेबलावर मांडले. बहुतेक तिचे कच्चे मसुदे होते. दुसऱ्या गठ्ठ्यात फोटोंच्या छापील प्रती निघाल्या, मोडीतल्या. प्रत्येकाच्या मागे तिने पेन्सिलने देवनागरीत उतरवून घेतले होते. मला मोडी येत नाही. अक्षयाला येत नाही. दादांना येते, त्यांच्या आजोबांनी शिकवली. वृंदालाही दादांनीच शिकवली होती, अकरा साली, त्या दोन महिन्यांत. हे मला माहीत नव्हते. ते तेव्हा टेबलाशी उभे राहूनच म्हणाले.

"रोज दुपारी दोन तास. मी रिटायर होऊन तीन महिने झाले होते, मला करायला काही नव्हतं. ती म्हणाली, दादा, मला शिकव. लहानपणी सायकल शिकवली होती, तशीच चिडचिड करत होती." त्यांनी चष्मा काढून पुसला. "हरीशराव, ती असती ना, तर मी तिच्याशी भांडलो असतो. सहा महिने बोललो नसतो. आता मी कुणाशी भांडू, सांगा मला."

मी म्हटले, "दादा, बसा. त्या तालुक्याचा भावाचा तक्ता यात आहे का बघा."

"कशाला?"

"तिनं मला दिला नव्हता. मला तो तपासायचाय."

ते बसले. एकेक प्रत उचलून बघत राहिले. अक्षया त्यांच्यासमोर बसली होती, हाताची घडी घालून. दहा मिनिटांनी त्यांनी एक कागद पुढे सरकवला. तालुक्यातून आलेला आठवड्याच्या बाजारभावांचा तक्ता होता. मी पाठीमागचे वृंदाचे अक्षर वाचत गेलो आणि दादा पुढून मोडी वाचत गेले. जोंधळा, रुपयास साडेअकरा शेर. बाजरी, दहा. गहू, सात. सगळे जुळत होते. तिने उतरवण्यात चूक केली नव्हती.

"झालं समाधान?" दादा म्हणाले. मग ते थांबले. त्यांनी कागद खिडकीकडे धरला. "वर काहीतरी आहे. घडीत गेलंय. अर्धी ओळ दिसतेय."

"आईनं लिहिलं नाहीये ते," अक्षया म्हणाली.

"फोटोत अंधुक आहे. थांब." त्यांनी ओठ हलवत दोनदा वाचले. "शेर मुक्कामचा. तोळे चौसष्ट."

"म्हणजे?"

मला ते लगेच कळले. त्यात माझी हुशारी नाही. बँकेत एकतीस वर्षे मी हेच केले आहे. आकडा बघायच्या आधी तो येनमध्ये आहे की डॉलरमध्ये ते बघायचे. गावोगावचा शेर तेव्हा वेगळा असे. सरकारी शेर ऐंशी तोळ्यांचा, हे वृंदाच्याच तिसऱ्या प्रकरणात आहे, मी तपासले होते. भत्त्याचा नियम सरकारी शेरांचा. तालुक्याने भाव कळवला तो आपल्या शेरांत, चौसष्ट तोळ्यांच्या, आणि तसे वर लिहूनही दिले.

मी पेन्सिल घेतली. साडेअकरा गुणिले चौसष्ट, सातशे छत्तीस. भागिले ऐंशी. नऊ पूर्णांक दोन.

"नऊ शेर आणि थोडं," मी म्हटले. "दहाच्या खाली. भत्ता लागू होता. भिकाजीपंतांनी आकडा तसाच उचलून लिहिला. शेर बदलून घ्यायचा राहिला."

मग उत्तरा म्हणाली, "म्हणजे मुद्दाम नव्हतं ते? चूक झाली?"

"तसं दिसतंय."

"अग बाई. दादा, बघ, चूक झाली होती त्यांची!"

मला वाटले दादांना आनंद होईल. ते कागदाकडे बघत होते. त्यांनी नंतर मला सांगितले, की त्या वेळी त्यांना स्वतःची नोकरी आठवत होती. ते जिल्हा परिषदेत लेखा विभागात होते. छत्तीस वर्षांत आपल्या हातून असे किती आकडे गेले असतील, आणि त्याची कुठे कुणाकडे नोंदही नसेल, असे त्यांच्या मनात आले. तेव्हा ते एवढेच म्हणाले, "एकेचाळीस घरांत जोंधळा कमी गेला तो गेलाच ना पण. चुकून गेला काय नि मुद्दाम गेला काय."

"मामा," अक्षया म्हणाली. तिच्या हातांची घडी सुटली होती.

"पानं राहू देत, हरीशराव. चार पानं काढू नका. फक्त ते एक वाक्य बदला. जाणूनबुजून नाही, नजरचुकीनं, असं करा. आता पुरावा आहे."

"बदलायचं नाही," अक्षया म्हणाली. "आईचं वाक्य आहे. आईला विचारल्याशिवाय..." आणि ती थांबली.

उत्तराने तिला जवळ घेतले. "बरोबर आहे तिचं, दादा. गेलेल्या माणसाच्या तोंडात आपण शब्द घालायचे? काल मीच म्हणत होते पानं काढा, पण काढणं वेगळं नि हे वेगळं."

आता दादा एकटे पडले आणि पुन्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी त्यांना खरे ते सांगितले. अठ्ठावीस वर्षे मी तिची बेरीज दुरुस्त केली, पण शब्द एकही बदलला नाही. एकदा बदलला होता. "पगारवाढ" लिहिले होते तिथे मी "वेतनवृद्धी" केले. तिने तो कागद माझ्या डब्यात पोळीभाजीऐवजी भरून दिला होता. आकडे तुमचे, वाक्ये माझी, असे आमचे ठरले होते. मी म्हटले, "बेरजेचा भाग माझा आहे. मी खाली टीप देईन. शेर चौसष्ट तोळ्यांचा होता, हिशेब असा, आणि तो मी केला. वाक्य तसंच राहील."

"म्हणजे वर मुद्दाम आणि खाली चुकून?" दादा म्हणाले. "वाचणारा काय समजेल?"

"दोघांनी लिहिलंय असं समजेल."

अक्षयाने कागद स्वतःकडे ओढला. मग हळू म्हणाली, "पण बाबा, वरची ओळ त्यांनीही वाचली असेल ना? तुम्ही म्हणता, बँकेत सगळ्यात आधी तेच बघतात. मग ते तर अव्वल कारकून होते. वाचूनही तसाच लिहिला असेल तर?"

बेरीज बरोबर की चूक ते मला सांगता येते. करणाऱ्याच्या मनात काय होते ते बेरजेवरून कळत नाही. मला तिचा प्रश्न आवडला नाही, आणि तो वृंदाने विचारला असता तसाच होता.

तिसरा गठ्ठा अजून सोडला नव्हता. तो दादांनी सोडला. त्यात वरच एक चिठ्ठी होती, वृंदाच्या हातची, जानेवारीची. मी जशीच्या तशी देतो: "एप्रिलमध्ये पुण्याला गेल्यावर १८९८ चा रुमाल बघणे. भि.पं.नी पुढच्या वर्षी थकलेला भत्ता द्या म्हणून काही लिहिले का? लिहिले असेल तर माझे वाक्य चूक. दहावा हिस्सा तिथून सुरू झाला असेल का? दादाला अजून सांगायचे नाही, उगीच आशा लावून बसेल." खाली रुमालाचा क्रमांक. दफ्तरखान्यात जुने कागद कापडात बांधून ठेवतात, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात.

दादांनी ते मोठ्याने वाचले. "आशा लावून बसेल" इथे त्यांनी चिठ्ठी अक्षयापुढे सरकवली. उरलेला क्रमांक अक्षयाने वाचला. बोटाने एकेक आकडा दाखवत, मराठीत, लहानपणी पाढे म्हणायची तसा.

"दफ्तरखाना माझ्या घरापासून स्कूटरवर वीस मिनिटं आहे," दादा म्हणाले. "मी जातो. प्रकाशकाला थांब म्हणतो. ते बघेपर्यंत वाक्याला कुणी हात लावायचा नाही, टीपही घालायची नाही. चालेल, अक्षया?"

"चालेल, मामा."

"आणि भत्ता मागितला नसला तरी मी कळवीन. लपवणार नाही."

"माहितीये मला."

उत्तराने सगळे कागद पुन्हा एकत्र केले, या वेळी तिने अक्षयाला विचारून विचारून केले. दुसऱ्या दिवशी दादा हस्तलिखित आणि ती चिठ्ठी घेऊन गेले. विमानतळावर त्यांनी मला मिठी मारली. अठ्ठावीस वर्षांत आम्ही फक्त नमस्कार करत आलो होतो.

हे मी ऑक्टोबरमध्ये लिहितो आहे. दादा मार्चमध्ये जाणार होते, मग पाळंदे जमायच्या आधी, मग पाऊस संपल्यावर. मे महिन्यात पाळंदे जमले तेव्हा त्यांनी पुस्तक लांबले एवढेच सांगितले. गेल्या रविवारी फोनवर म्हणाले, की ते दोनदा दफ्तरखान्याच्या दारापर्यंत गेले होते. एकदा अर्जही भरला. रुमाल यायला अर्धा तास लागेल असे शिपाई म्हणाला, आणि ते उठून घरी आले. जूनमध्ये मी पुण्याला आठ दिवस होतो, मीही गेलो नाही. प्रकाशक विचारतात, त्यांना आम्ही थांबा म्हणतो. अक्षया विचारत नाही.

वाक्य तसेच आहे. टीप घातलेली नाही. १८९८ चा रुमाल सोडून बघायचा राहिला आहे.